महाराज गडावर आले की दिवे लागतात: किल्ल्यासाठी चुंबकाचा स्विच

आमच्या पुण्यातल्या शुक्रवार पेठेतल्या इमारतीच्या मागच्या बोळात दर दिवाळीला किल्ला होतो. खाली विटा, वर गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल आणि चिखलावर अळीव. अळीव उगवायचे तर रोज दोनदा पाणी शिंपडायला लागतं, म्हणजे जिथे वायरी तिथेच पाणी. एका वर्षी वरच्या मजल्यावरून कुणीतरी एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून मेनवरची माळ थेट किल्ल्याला गुंडाळली होती. मी ती उभ्या उभ्या काढायला लावली. ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली सहा-सात पोरं आणि शेजारी २३० व्होल्ट, हे बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

तेव्हापासून किल्ला सेलवर. पण सेलवर म्हटलं की स्विच आला आणि स्विच आला की भांडणं आली. मी लावणार, तू लावणार. त्या खटक्यात चिखल जायचा तो वेगळाच. सगळ्यात मोठी कटकट म्हणजे रात्री बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. सकाळी सेल झोपलेले.

लक्षात मात्र एक गोष्ट न चुकता राहायची. रात्री साडेनऊ-दहाला महाराजांना घरात आणायचं. बोळातली मांजरं बालेकिल्ल्यावर झोपतात आणि एकदा त्यांनी तोफेसकट तोफची खाली ढकलला होता, म्हणून हा नियम. संध्याकाळी महाराज गडावर, रात्री घरी. मग म्हटलं, महाराजच स्विच झाले तर? मूर्तीच्या बुडात चुंबक, चौथऱ्याच्या पोटात सेन्सर. मूर्ती ठेवली की दिवे लागतील, उचलली की जातील. कुणाला काही आठवायला नको.

मी भोसरीला एका कारखान्यात चौदा वर्षं पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डांच्या लाइनवर सोल्डरिंग आणि टेस्टिंग केलंय, त्यामुळे हे जमेल याची खात्री होती. तरी तीन दिवाळ्या चुकले. तुम्ही त्याच चुका करू नयेत म्हणून हे लिहायला घेतलं.

सेन्सर म्हणून मी रीड स्विच वापरते. काचेची तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी नळी, आत समोरासमोरून आलेल्या निकेल-लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली पण मध्ये केसभर फट. चुंबक जवळ आला की पट्ट्या स्वतःच चुंबक होतात, टोकं एकमेकांना ओढतात आणि चिकटतात. चुंबक गेला की पट्टी आपल्या ताणाने मागे येते. बेल लॅबमध्ये वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली ही युक्ती काढली आणि आजही घराच्या दाराच्या अलार्मपासून पाण्याच्या मीटरपर्यंत तीच आहे. आपल्या कामाची गोष्ट अशी की त्याला स्वतःला चालायला वीज लागत नाही आणि काच बंद असल्यामुळे आत चिखल जात नाही.

हॉल सेन्सरनेही, म्हणजे चुंबक ओळखणाऱ्या चिपनेही हे होतं, पण दुकानात सहसा हातात पडतो तो ए ३१४४. त्याला कमीत कमी साडेचार व्होल्ट लागतात आणि तो दिवे बंद असतानासुद्धा काही मिलिअँपिअर खात बसतो. तीन पेन्सिल सेल जरा उतरले की त्याचा जीव गेला. मायक्रोअँपिअरवर चालणारे हॉल सेन्सर मिळतात, डीआरव्ही ५०३२ सारखे, पण ते सहसा मोहरीएवढे असतात आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननेच लावावे लागतात. किल्ल्यासाठी रीडच बरा.

आता पहिल्या वर्षीची चूक. मी रीड सरळ सेल आणि बल्बच्या मध्ये जोडला. टॉर्चचे दोन जुने बल्ब, दोन्ही मिळून अर्ध्या अँपिअरच्या जरा आत. रीडची मर्यादा अर्धा अँपिअर. कागदावर बसत होतं. वसुबारसेला महाराज विराजमान झाले, दिवे लागले, टाळ्या झाल्या. रात्री महाराज उचलले आणि दिवे तसेच. बाजूच्या काकू म्हणाल्या, “जागृत देवस्थान आहे हो तुमचं.” मी चौथऱ्याला टिचकी मारली तेव्हा दिवे गेले.

झालं होतं असं की थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापटीपर्यंत करंट ओढते. त्या झटक्यात पट्ट्यांची टोकं ठिणगीने एकमेकांना चिकटली, सूक्ष्म वेल्डिंगच म्हणा. टिचकीने सुटली, पण एकदा अशी चिकटलेली रीड पुन्हा चिकटतेच. एलईडीच्या तयार माळेतही आत कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग, असला तर हाच प्रकार होतो. म्हणून माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे, बाकी काही विसरलात तरी चालेल: रीडने फक्त निरोप द्यायचा, ओझं उचलायचं नाही. ओझं उचलायला मॉस्फेट ठेवा, म्हणजे छोट्या निरोपावर मोठा करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच.

सामान आणायला मी बुधवार पेठेत जाते, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास. चौदा मिलिमीटर काचेचे रीड स्विच घ्या, दोन जास्तीचे, कारण एक तरी फुटतो. साधे, म्हणजे चुंबक नसताना उघडे राहणारे. मॉस्फेट आयआरएल झेड ४४ एन. यातला ‘एल’ स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. दुकानातला मुलगा “काकू, हा पण सेमच आहे” म्हणून आयआरएफ झेड ४४ एन देतो. दिसायला जुळी भावंडं, पण ‘एफ’वाल्याचं दार दोन ते चार व्होल्टच्या मध्ये कुठेतरी उघडायला लागतं आणि पूर्ण उघडायला दहा व्होल्ट लागतात. आपल्याकडे आहेत साडेचार, तेही ताज्या सेलचे. दिवे लागतील, मिणमिणतील, तिसऱ्या दिवशी लागणारही नाहीत आणि तुम्ही रीडला शिव्या द्याल. ‘एल’वाला एक-दोन व्होल्टला उघडायला लागतो, आपलं काम चोख करतो.

बाकी तीन पेन्सिल सेल, अल्कलाइन, आणि त्यांचं झाकणाचं होल्डर. दहा पिवळे एलईडी. पांढरे घेऊ नका. त्यांना तीन व्होल्टच्या आसपास लागतात, सेल थोडे उतरले की ते मावळतात. पिवळ्यांना दोन पुरतात आणि मशालींचा रंगही तोच. प्रत्येक एलईडीला स्वतःचा २२० ओहमचा रेझिस्टर, दहांना मिळून एक नाही, नाहीतर एखादाच एलईडी जास्त करंट खाऊन जातो. हिशोब सोपा आहे. साडेचारातून दोन गेले, उरले अडीच व्होल्ट, भागिले २२०, म्हणजे साधारण ११ मिलिअँपिअर. दहांचे ११५ च्या आसपास. सेलमध्ये दोन हजार मिलिअँपिअर-तास धरले तर सतरा-अठरा तास. रोज तीन तासांच्या हिशोबाने वसुबारस ते भाऊबीज तीन सेलच्या एका संचात निघतं.

चुंबक दहा मिलिमीटर व्यासाचा, तीन जाडीचा निओडिमियमचा, पांढरट चकचकीत. बोहरी आळीत मिळाला. हा लहान मुलांच्या हातात सुटा देऊ नका. असे दोन चुंबक गिळले गेले तर पोटात आतड्याच्या दोन वळ्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्या छातीपासून वीतभर लांब.

जोडणी अशी. मॉस्फेटची छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. गेट निरोप घेतो, ओझ्याचा करंट ड्रेन आणि सोर्समधून जातो. सोर्स सेलच्या वजा टोकाला. सगळ्या एलईडींची वजा बाजू एकत्र करून ड्रेनला. एलईडींची अधिक बाजू आपापल्या रेझिस्टरमधून सेलच्या अधिक टोकाला. आता निरोपाची वाट: सेलच्या अधिकपासून रीड, रीडचं दुसरं टोक गेटला. आणि गेटपासून सोर्सला १० किलोओहमचा रेझिस्टर. एवढंच. मॉस्फेटचा वरचा पत्रा आतून ड्रेनलाच जोडलेला असतो, तो कशाला टेकू देऊ नका. ११५ मिलिअँपिअरला तो कोमटही होत नाही, हीट सिंक वगैरे नको.

तो गेट-सोर्समधला रेझिस्टर विसरलात तर गंमत बघायला मिळेल. गेट म्हणजे छोट्या कपॅसिटरसारखं असतं. त्यावर एकदा चार्ज बसला की तो जायला वाट नसते, महाराज उचलले तरी दिवे चालूच. नुसतं बोट लावलं तरी दिवे लागतात किंवा जातात. आमच्या चिनूला हे इतकं आवडलं की त्याने अर्धा तास बोट लावून भुताचा खेळ केला. टेबलावर करून बघायला हरकत नाही. किल्ल्यात रेझिस्टर हवाच.

आणि तो किती ओहमचा, यात माझं दुसरं वर्ष गेलं. सेल वाचवायचा म्हणून मी १० किलोऐवजी १ मेगाओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा लावला होता. कारखान्यातली सवय, मायक्रोअँपिअर मोजायची. टेबलावर झकास चाललं. धनत्रयोदशीला दुपारी साडेतीनला सईने झारीने अळिवांना पाणी घातलं आणि महाराज घरात असताना गड उजळला. दिवे पूर्ण नाही, मंद, जरा थरथरते. सई घाबरून वर आली, “आत्या, मी काही नाही केलं.”

तिने खरंच काही केलं नव्हतं. रीडच्या दोन्ही टोकांचे सोल्डर मी उघडे ठेवले होते आणि त्यांच्यामधल्या ओल्या मातीतून करंट झिरपत होता. ओली माती म्हणजे एक ओबडधोबड रेझिस्टरच. तो पाच लाख ओहम धरा. गेटखाली दहा लाख ओहमचा असेल तर साडेचार व्होल्टची वाटणी होऊन गेटवर तीन व्होल्ट बसतात. मॉस्फेट उघडला. तिथे दहा हजार ओहमचा लावला की त्याच मातीने गेटवर ०.०९ व्होल्ट येतात, मॉस्फेट ढिम्म हलत नाही. दिवे चालू असताना हा रेझिस्टर अर्धा मिलिअँपिअरही खात नाही. ११५ च्या पंगतीत त्याला कोण विचारतं! दिवे बंद असताना रीड उघडी, म्हणजे त्याचा खर्च शून्य. रंगाच्या पट्ट्या बघून घ्या: तपकिरी-काळा-नारिंगी हवा, तपकिरी-काळा-हिरवा नको.

रेझिस्टर बदलला तरी सांधे झाकायचेच. रीडचे पाय वाकवताना काचेकडची बाजू चिमट्याने घट्ट धरा आणि चिमट्याच्या पलीकडून वाकवा, काचेपासून तीन मिलिमीटर तरी सोडून. नुसतं बोटाने वाकवलं की काच पायाच्या मुळाशी तडकते. तडा दिसत नाही, आठवड्याभराने ओल आत जाते आणि रीड मरते. आमच्या लाइनवर या एका कारणाने रोज वाटीभर रीड फेकली जायची. पाय फार तोडूही नका. ते लोखंडाचे असतात आणि चुंबकाची ताकद आत नेण्याचं काम तेच करतात. आखूड केले की चुंबक आणखी जवळ आणावा लागतो. सोल्डर झाल्यावर दोन्ही सांध्यांवर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), मग सगळं संपलेल्या बॉलपेनच्या नळीत सरकवा आणि दोन्ही तोंडं ग्लू गनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांब्याला खातं. मॉस्फेट आणि सेल किल्ल्याच्या मागे झाकणाच्या डब्यात, विटेवर उचलून ठेवलेले. मातीत फक्त पेनची नळी आणि एलईडी जातात. एलईडींचे पायही तसेच झाकलेले.

आता चुंबक कसा बसवायचा. मला वाटलं होतं, यात काय कळायचंय. मूर्ती आम्ही कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणतो. महाराज आणि सिंहासन एकाच साच्यातलं असतं, त्यामुळे चुंबक सिंहासनाच्या बुडात बसवायचा. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू खरवडून खळगा केला, अराल्डाइट भरून चुंबक आडवा बसवला, वर कागद चिकटवून रंग दिला. चौथऱ्याच्या बरोबर मधोमध रीडची नळी पुरली. मूर्ती ठेवली. काही नाही. चिनू म्हणाला, “आत्या, महाराज रुसले.” मग त्याने मूर्ती बोटभर डावीकडे सरकवली आणि दिवे लागले. उजवीकडे सरकवली तरी लागले. मधोमध आणली की गेले.

चकती चुंबकाचं एक तोंड उत्तर, दुसरं दक्षिण. तो रीडच्या बरोबर मध्यावर आडवा ठेवला की दोन्ही पट्ट्यांना सारखाच ध्रुव भेटतो, दोघी सारख्याच चुंबकित होतात आणि त्यांना एकमेकींकडे जायचं काही कारण उरत नाही. चुंबक नळीच्या एका टोकाकडे असला की त्याची चुंबकीय रेषा एका पट्टीतून शिरून दुसरीतून बाहेर पडते, समोरासमोरच्या टोकांवर विरुद्ध ध्रुव होतात आणि मग ती चिकटतात. तेव्हा रीड चौथऱ्याच्या मध्यात पुरूच नका. मूर्तीतला चुंबक नळीच्या टोकावर येईल एवढी बाजूला पुरा. काच चौदा मिलिमीटर असेल तर साधारण सात-आठ मिलिमीटर. पट्टीचा चुंबक असेल तर तो नळीला समांतर झोपवला की मधोमधही चालतो, पण तो मूर्तीत मावत नाही.

पुरण्याआधी मोजून घ्या. मल्टिमीटर बीपवर ठेवा, दोन्ही टोकं रीडला, आणि चुंबक व रीडच्या मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे वाढवत जा. माझ्याकडे बारा मिलिमीटरपर्यंत बीप येते, म्हणून मी वरचा मातीचा थर आठच्या वर जाऊ देत नाही. चुंबक लांब नेताना बीप मात्र बारालाच थांबत नाही, आणखी थोडी पुढे जाते. लागायला जवळ, सुटायला लांब, हा रीडचा स्वभावच आहे. त्याचा फायदा असा की कुणी किल्ल्याला धक्का दिला तरी दिवे फडफडत नाहीत.

मध्ये लोखंड नको. गेल्या वर्षी चौथरा सोनेरी दिसावा म्हणून पोरांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण मातीवर बसवलं. सुंदर दिसत होतं. चुंबकाची सगळी रेषा त्या पत्र्यातच फिरून परत जायची, खाली रीडपर्यंत काही पोचतच नव्हतं. झाकण काढून पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावला.

कुणाला उलटं हवं असेल, म्हणजे चुंबक लांब गेला की दिवा लागावा, कपाटाचं दार उघडल्यावर लागतो तसा, तर रीड आणि गेटचा रेझिस्टर यांच्या जागा अदलाबदल करा. रेझिस्टर अधिककडे, रीड गेट आणि सोर्सच्या मध्ये. दार बंद असताना रेझिस्टरमधून सतत करंट वाहणार, म्हणून तिथे मात्र १ मेगाओहमच लावा. साडेचार मायक्रोअँपिअर, वर्षाला चाळीस मिलिअँपिअर-तासही नाहीत. कपाटात कुणी झारीने पाणी घालत नाही. माझ्या आईच्या कपाटात असा एक दिवा आहे आणि तिने अजून एकदाही सेल बदलायला सांगितलेले नाहीत. फक्त तिचं कपाट लाकडी आहे. लोखंडी कपाटाला रीड आणि चुंबक दोन्ही प्लास्टिकच्या ठोकळ्यावर, पत्र्यापासून उचलून बसवावे लागतात.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतो. तेव्हा पेनची नळी वायर धरून ओढू नका, माती भिजवून मोकळी करा. सेल होल्डरमधून काढून ठेवा. अल्कलाइन सेल पावसाळ्यात गळतात आणि स्प्रिंगा हिरव्या होतात, पुढच्या वर्षी सगळी चूक मॉस्फेटची वाटते. मूर्ती कापडात गुंडाळून माळ्यावर. तिच्या बुडावर मी पेन्सिलीने एक बाण काढून लिहून ठेवलंय: ‘चुंबक मधोमध, नळी डाव्या हाताला आठ मिमी’.